बीवायडी सील की किया ईव्ही६? ब्रोशरमधले आकडे एकाच मापाने मोजले तर काय दिसतं?

एका ब्रोशरवर लिहिलंय ५८० किलोमीटर, दुसऱ्यावर ६६३. एक गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.८ सेकंदांत गाठते, दुसरी ५.३ सेकंदांत. एकीची एक्स-शोरूम किंमत सुमारे ५३ लाख, दुसरीची सुमारे ६६ लाख.

पहिली बीवायडी सील परफॉर्मन्स, दुसरी २०२५ मध्ये नव्या बॅटरीसह आलेली किया ईव्ही६ जीटी-लाइन. पन्नास ते सत्तर लाखांत वेगवान इलेक्ट्रिक गाडी शोधणाऱ्यांच्या यादीत ही दोन नावं हमखास येतात. दोन्ही गाड्या परदेशात पूर्ण तयार होऊन भारतात येतात. दोन्हींना पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत. दोन्ही मॉडेल्सना युरो एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळालेत. बॅटरीही जवळपास सारखीच, सीलची ८२.५६ किलोवॅट-तास आणि ईव्ही६ची ८४. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावर दिसतं तेच युनिट.

मग बॅटरी सारखी असताना रेंजमध्ये ८३ किलोमीटरचा फरक कुठून आला?

५८० आणि ६६३ हे दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांचे आकडे

सीलचा ५८० हा आकडा ‘एनईडीसी’ या जुन्या युरोपीय चाचणीचा आहे. ईव्ही६चा ६६३ हा भारतातल्या चाचणीचा, म्हणजे लोक ज्याला ‘एआरएआय रेंज’ म्हणतात तो. एआरएआय ही पुण्यातली वाहन तपासणी संस्था. भारतीय चाचणी एनईडीसीवरूनच घेतलेली आहे, पण तिच्यात वेग ९० च्या पुढे जात नाही. एनईडीसीमध्ये तो काही क्षण १२० पर्यंत जातो. दोन्ही चाचण्या प्रयोगशाळेत रोलरवर होतात, सरासरी वेग कमी असतो आणि वेग हळूहळू वाढवला जातो. अशा चाचणीत इलेक्ट्रिक गाडी भरपूर किलोमीटर दाखवते.

युरोपने २०१७ पासून एनईडीसी बाजूला ठेवून ‘डब्ल्यूएलटीपी’ ही कडक चाचणी लागू केली. ती जास्त वेळ चालते आणि तिच्यात वेग १३१ पर्यंत जातो. तिचा आकडा रस्त्यावरच्या अनुभवाच्या बराच जवळ असतो.

आता दोन्ही गाड्या या एकाच मापाने पाहा. युरोपात विकल्या जाणाऱ्या दोन मोटरच्या सीलची डब्ल्यूएलटीपी रेंज आहे ५२० किलोमीटर. ८४ किलोवॅट-तासांची दोन मोटरची ईव्ही६ चाकांच्या आकारानुसार ५२० ते ५५० च्या दरम्यान येते. ब्रोशरवर ८३ किलोमीटरने मागे असलेली गाडी प्रत्यक्षात फार तर तीसेक किलोमीटरने मागे आहे.

शोरूममध्ये याबद्दल कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येक कंपनी परवानगी असलेला आकडाच छापते. पण १३ लाख रुपये जास्त मोजण्याचं कारण म्हणून ‘रेंज जास्त आहे ना’ असं कुणी सांगितलं, तर ते कारण टिकत नाही.

समृद्धीवर गणित बदलतं

डब्ल्यूएलटीपीसुद्धा सरासरीच आहे. एकाच वेगाने तासन्‌तास गाडी चालवली की चित्र वेगळं होतं. महाराष्ट्रात त्यासाठी आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. सपाट भागात कारसाठी तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, पण हवेचा विरोध सव्वादोन पट. पेट्रोल गाडीत हे फारसं जाणवत नाही, कारण इंजिन तसंही बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं. इलेक्ट्रिक गाडीत मात्र काटा सरळ खाली येताना दिसतो.

इथे गाडीचा आकार महत्त्वाचा ठरतो. सील ही बुटकी, लांबट सेडान आहे. हवा किती सहज कापली जाते याचं माप म्हणजे ‘ड्रॅग गुणांक’. सीलचा गुणांक ०.२१९ आहे, ईव्ही६चा सुमारे ०.२८. शिवाय ईव्ही६ सुमारे दहा सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे तिला हवेत मोठी वाट काढावी लागते. त्यामुळे चाचणीत तीसेक किलोमीटरने पुढे असलेली ईव्ही६ १२० च्या स्थिर वेगाला सीलच्या मागे पडते.

किती मागे, हे एसी, उतारू, सामान आणि वारा यांवर ठरतं. ढोबळ हिशेब करायचा तर लांबच्या वेगवान प्रवासात डब्ल्यूएलटीपीचा पाऊण हिस्सा धरावा. त्यातला शेवटचा दहा टक्के चार्ज राखीव ठेवावा, कारण दोन टक्क्यांवर चार्जर शोधत फिरणं कुणालाच नको असतं. म्हणजे ५२० चे ३९०, आणि त्यातले वापरायचे ३५० च्या आसपास. मुंबई-नागपूर प्रवासात एक सावकाश थांबा किंवा दोन छोटे थांबे. मुंबई-पुणे जाऊन-येऊन तर कोणत्याही गाडीत चार्जरकडे बघायची गरज नाही.

‘१८ मिनिटांत चार्ज’ नेमकं कुठे?

ईव्ही६ची खरी ताकद तिच्या ८०० व्होल्टच्या यंत्रणेत आहे. तेवढीच वीज जास्त व्होल्टेजने पाठवली की करंट कमी लागतो, केबल आणि बॅटरी कमी तापतात, म्हणून चार्जिंगचा वेग वाढवता येतो. कियाच्या दाव्यानुसार ३५० किलोवॅटच्या चार्जरवर ही गाडी १० ते ८० टक्के १८ मिनिटांत होते. सील जास्तीत जास्त १५० किलोवॅटने वीज घेते आणि तेवढ्याच चार्जिंगला तिला ३७ मिनिटं लागतात.

दुप्पट फरक. पण वाक्यातले पहिले शब्द पुन्हा वाचा: ‘३५० किलोवॅटच्या चार्जरवर’.

१० ते ८० टक्के म्हणजे दोन्ही गाड्यांत ५८-५९ युनिट वीज. हायवेवरच्या हॉटेलाच्या आवारात बहुतेकदा ६० किलोवॅटचा चार्जर भेटतो. त्यावर तासाला फार तर ६० युनिट मिळणार. म्हणजे १८ मिनिटांची गाडी आणि ३७ मिनिटांची गाडी, दोन्ही तासभर शेजारी-शेजारी उभ्या. त्या चार्जरला दोन गन असतील आणि दुसऱ्या गनला आधीच कुणी लागलेलं असेल, तर वीज वाटली जाते आणि वेळ आणखी वाढतो. १२० किलोवॅटच्या चार्जरवर ईव्ही६ अर्ध्या तासाच्या आसपास मोकळी होते, सीलला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. १८ मिनिटांचा चमत्कार पाहायचा तर चार्जरही तसाच हवा.

म्हणून ईव्ही६ घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी एक साधं काम करावं. आपण वर्षातून चार-सहा वेळा ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावरचे चार्जर ॲपमध्ये पाहावेत आणि प्रत्येकाची किलोवॅट क्षमता लिहून काढावी. २०० किलोवॅटच्या वरचे चार्जर त्या वाटेवर असतील, तर ८०० व्होल्टसाठी मोजलेले पैसे वसूल होतील. नसतील, तर ती सोय पुढे कधीतरी वापरायला मिळेल या आशेवर आत्ता पैसे मोजल्यासारखं आहे.

घरच्या चार्जिंगमध्ये तर दोन्ही गाड्या सारख्याच. ७.४ किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर रिकामी बॅटरी भरायला साधारण १२ तास. रोजचं ४०-५० किलोमीटरचं जाणं-येणं असेल, तर रात्री दीड तासाच्या आत ते भरून निघतं. अडचण बहुतेकदा विजेची नसते, सोसायटीची असते. पार्किंग ते मीटर रूम केबल कुठून न्यायची, मंजूर भार वाढवायचा का, कमिटी ना हरकत कधी देणार, हे प्रश्न गाडी दारात आल्यावर सोडवायला घेतले की ६६ लाखांची गाडी महिनाभर मॉलच्या चार्जरवर अवलंबून राहते.

बॅटरीच्या आत काय आहे?

आकार सारखा असला तरी या दोन बॅटऱ्या आतून वेगळ्या आहेत. सीलमध्ये ‘एलएफपी’, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटची बॅटरी आहे. बीवायडी तिला ‘ब्लेड बॅटरी’ म्हणते, कारण आतले सेल लांब पात्यांसारखे असतात. ईव्ही६मध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची बॅटरी आहे.

निकेलच्या बॅटरीत तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावते. एलएफपी त्या बाबतीत मागे, पण जास्त तापमानाला ती अधिक स्थिर असते आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्याही जास्त सोसते. जळगाव किंवा नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर गाडी लावणाऱ्यासाठी हा मुद्दा छोटा नाही.

रोजच्या वापरात आणखी एक फरक पडतो, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. निकेलची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करावी, १०० टक्के फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री, असा सल्ला दिला जातो. एलएफपीला १०० टक्क्यांचं तेवढं वावडं नाही. उलट अधूनमधून ती पूर्ण भरावीच लागते, नाहीतर चार्ज किती उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकायला लागतो. म्हणजे ८४ युनिटांच्या ईव्ही६मध्ये एरवी सकाळी ६७ युनिट हाताशी असतात, तर सीलमध्ये सगळे ८२.

दोन्ही कंपन्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर वॉरंटी लागू होते आणि खालून दगड लागला किंवा पाणी शिरलं तर काय, हे मात्र वॉरंटीच्या कागदावर स्वतः वाचावं. सीलमध्ये बॅटरीचं झाकण हाच गाडीच्या तळाचा भाग आहे. गाडीला त्यामुळे उत्तम मजबुती मिळते, पण तळाला लागलेला मार सरळ सगळ्यात महाग भागाला लागतो. विमा घेताना बॅटरीचं वेगळं संरक्षण आहे का, हे विचारायलाच हवं.

आता ३.८ सेकंदांबद्दल

सील परफॉर्मन्सची ताकद ५३० पीएस, ईव्ही६ची ३२५. आकडा वाचताना ३.८ आणि ५.३ मध्ये दीड सेकंदाचाच फरक वाटतो. शरीराला तो वेगळा कळतो. ३.८ सेकंदांत १०० म्हणजे पाठीवर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या पाऊणपट जोर. ५.३ सेकंदांत तो साधारण निम्मा. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून देते, गिअर बदलायचा नसतो, आवाजही येत नाही. पेट्रोल गाडीत वेग वाढतोय हे कानाला आधी कळतं. इथे ते स्पीडोमीटरकडे नजर गेल्यावर कळतं.

आणि थांबण्याचं काय? दोन टनांहून जड गाडी १०० च्या वेगावरून चांगल्या टायर-ब्रेकवर कोरड्या रस्त्यात चाळीस-पंचेचाळीस मीटरमध्ये थांबते. त्याआधी चालकाला भान यायला एक सेकंद लागला, तर त्यातच २८ मीटर गेलेले असतात. ५३० पीएस असोत की १००, हे अंतर बदलत नाही. पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातली मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि चलन पाठवणारे कॅमेरे जागोजागी आहेत. ट्रकच्या मागून ६० वरून १०० वर येऊन पुढे निघायचं, एवढ्याला ईव्ही६सुद्धा गरजेपेक्षा जास्त आहे. घरात नुकतं लायसन्स मिळालेलं कुणी असेल, तर किल्ली कुणाच्या हातात जाणार हा प्रश्न ५३० पीएसच्या बाबतीत जास्त गंभीर होतो.

खरं तर या तुलनेत तिसरी गाडी लपलेली आहे. सीलचंच ‘प्रीमियम’ मॉडेल. तीच ८२.५६ ची बॅटरी, पण मागे एकच मोटर, ३१३ पीएस, १०० चा वेग ५.९ सेकंदांत. युरोपीय मापाने रेंज ५७० किलोमीटर, म्हणजे परफॉर्मन्सपेक्षा ५० ने जास्त, आणि किंमत साडेसात लाखांच्या आसपास कमी. पुढची मोटर नसल्याने वजन घटतं आणि वीज वाचते. ३.८ सेकंदांची हौस असेल तर ती हौस म्हणूनच विकत घ्यावी, त्यात गैर काही नाही. पण त्या हौसेची किंमत साडेसात लाख अधिक ५० किलोमीटर आहे, हे माहीत असावं.

खड्डे, टायर आणि स्पीडब्रेकर

सीलचे टायर २३५/४५ आर१९, ईव्ही६चे २३५/५५ आर१९. मधला आकडा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर सीलच्या टायरची भिंत १०६ मिलिमीटर, ईव्ही६ची १२९. पावसाळ्यात खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये हेच रबर असतं. ते २३ मिलिमीटर ईव्ही६च्या बाजूने जातात. तिचा तळही उंच आहे. सील चालवायला जास्त मजेदार म्हणावी अशी गाडी, पण कॉलनीतले हौशी स्पीडब्रेकर तिला मानवत नाहीत.

बिघाड आणि भरवसा

ईव्ही६च्या आधीच्या गाड्या कियाने भारतात दोनदा परत बोलावल्या, जुलै २०२४ मध्ये १,१३८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १,३८०. कारण होतं ‘आयसीसीयू’ नावाचा चार्जिंग सांभाळणारा भाग. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, लॉक आणि संगणक चालवायला साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठ्या बॅटरीतून ती चार्ज करणं हे या भागाचं एक काम. तो बिघडला की छोटी बॅटरी उतरते आणि मोठी भरलेली असूनही गाडी बंद पडू शकते. सेकंडहँड ईव्ही६ बघत असाल, तर हे काम झाल्याची नोंद सर्व्हिस सेंटरकडून मागून घ्या. नवी घेतानाही या भागाबद्दल थेट विचारा.

सीलच्या बाबतीत शंका यंत्राची कमी आणि धोरणाची जास्त आहे. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला २०२० पासून सरकारची आधी परवानगी लागते. हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगबरोबर एक अब्ज डॉलरचा कारखाना उभारण्याचा बीवायडीचा प्रस्ताव २०२३ मध्ये नाकारला गेला. गाड्या विकायला त्यामुळे अडसर आलेला नाही. पण पाच वर्षांनी सुटे भाग किती लवकर मिळतील आणि जुनी सील काय भावाने जाईल, याचं उत्तर दिल्ली आणि बीजिंगच्या संबंधांवरही अवलंबून राहील. कियाचा आंध्र प्रदेशात कारखाना आहे आणि सर्व्हिस सेंटरचं जाळं मोठं आहे. तरी ईव्ही६ची उच्च व्होल्टेजची बॅटरी उघडू शकणारं जवळचं केंद्र कोणतं, हे विचारून घ्यावं. कोल्हापूर किंवा अमरावतीच्या ग्राहकाला ही चौकशी ३.८ आणि ५.३ पेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कोटेशनमध्ये काय पाहायचं?

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. ६६ लाखांच्या गाडीवर तो जवळपास चार लाख झाला असता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा कर लावणार नसल्याचं सांगितलं आणि एप्रिलमध्ये नव्या ईव्ही धोरणाला मंजुरी मिळाली. ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफीही सुरू झाली. धोरणं बदलत राहतात, म्हणून कोटेशनमधला रोड टॅक्सचा रकाना बुकिंगच्या दिवशी पाहावा. विम्याचा आकडा शोरूमच्या कागदावरून न घेता बाहेरूनही मागवावा. आयात गाडीचा साधा हेडलॅम्पही महाग असतो आणि विम्याच्या हप्त्यात ते दिसतं.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमची माणसं मोकळ्या रस्त्यावर नेऊन पॅडल दाबायला सांगतात. ते करून घ्या, मजा येते. पण नंतर गाडी स्वतःच्या सोसायटीत न्या. घरातल्या चौघांना आत बसवा, वयस्कर माणसाला सीलच्या बुटक्या सीटवरून उठून बाहेर पडायला सांगा आणि मग भरलेली गाडी बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली उतरवून परत वर आणा. रॅम्प संपतो तिथे तळ घासल्याचा आवाज आला, तर बुकिंगचा चेक तेवढा थांबवा.